बायकोच्या नावावर फर्म काढली तर सबसिडी आणि टेंडरला खरंच फायदा होतो का? ती फक्त सही करेल, धंदा मीच बघणार.

सबसिडीत फरक पडतो, पण तुम्ही खुल्या प्रवर्गातले असाल तरच. पीएमईजीपीत, म्हणजे नव्या उद्योगाला कर्जावर सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, ग्रामीण भागातल्या १० लाखांच्या प्रकल्पाला खुल्या प्रवर्गातला पुरुष स्वतःचे १ लाख घालतो, सबसिडी अडीच लाख. बाईला ५० हजार घालून साडेतीन लाख. ओबीसी, एससी, एसटी पुरुषालाही बाईइतकंच मिळतं, मग नाव बदलून काय साधणार? नवरा-बायकोत लाभ एकालाच, चालू धंद्याला नवी पाटी लावून चालत नाही, आणि सबसिडी तीन वर्षं टीडीआरमध्ये, म्हणजे बँकेतल्या मुदत ठेवीत, अडकते.

केंद्रीय खात्यांच्या टेंडरची बयाणा रक्कम ‘उद्यम’ (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला माफ असते, त्यासाठी बायको लागत नाही. महिलांसाठीचे ३ टक्के हे केंद्रीय खात्यांच्या वर्षभराच्या खरेदीचं उद्दिष्ट आहे. तुमचं टेंडर लागेलच असं नाही. भागीदारीत किंवा कंपनीत त्यासाठी महिलांचा वाटा किमान ५१ टक्के हवा. ५०-५० केलंत की गेलं.

आता ‘फक्त सही’चं. प्रोप्रायटरी, म्हणजे एकाच मालकाची फर्म आणि तिची मालकीण कायद्याने एकच. कर्ज तिचं, थकलं तर सिबिल तिचं, जीएसटीची मागणी तिच्या पॅनवर. तिने सही केलेला चेक परत गेला तर कलम १३८ची नोटीसही तिलाच. आणि गोची कुठे होते? पोर्टलवर मोबाइल नवऱ्याचा असतो. नोटीस त्याच्याकडे येते, तो ‘बघू’ म्हणतो, मुदत टळते, एकतर्फी आदेश निघतो. खातं गोठल्यावर बाईला कळतं की आपण मालकीण होतो.

म्हणून उद्यम, जीएसटी आणि बँक, तिन्हीकडे मोबाइल आणि ईमेल तिचाच द्या. नेट बँकिंगमध्ये पेमेंट तुम्ही भरा, मंजुरी तिची. भागीदारीत उद्यमला मॅनेजिंग पार्टनरचा आधार क्रमांक लागतो, तेव्हा भागीदारीच्या करारात तो पार्टनर कोण हे आधी ठरवा. कंपनीत ५१ टक्क्यांवर ती संचालक नेमू शकते, पण विशेष ठरावाला ७५ टक्के लागतात, म्हणजे ४९ टक्केवाला असा ठराव अडवू शकतो.

भांडवल बक्षीस म्हणून देऊ नका. १ एप्रिलला तिच्या १० लाख भांडवलातले ६ तुम्ही दिलेले असतील, तर नफ्यातला ६० टक्के भाग तुमच्याच उत्पन्नात धरला जातो. चेकने, करार करून, व्याजाने उसने द्या आणि ते व्याज खरोखर घ्या.

‘घरातल्या घरात कसले करार?’ हे ऐकून कान किटले. हेच लोक सख्ख्या भावाबरोबर भागीदारी करताना स्टॅम्पपेपर आणतात! बायकोच्या बाबतीतच कागद अपमान कसा ठरतो, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

एक राहिलं. गल्ल्यावर ती स्वतः बसत असेल, माल तीच भरत असेल, तर प्रोप्रायटरीच बरी, खर्चही कमी. पीएमईजीपीच्या अटी मात्र अर्ज भरण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या, आणि विचारायला तिलाच पाठवा.