डाग राहिला ते सोडा ताई, बर्नरचे पैसे मागा

नागपुरातल्या मनीषनगरच्या एका ताईंनी विचारलंय की दिवाळीआधी अ‍ॅपवरून किचन डीप क्लिनिंग बुक केलं, सफाईला आलेल्या पोरांनी शेगडीवर कुठलंतरी कडक लिक्विड ओतलं, तेलाचा थर बराच निघाला पण कोपऱ्यातले जळके डाग तसेच, वरून अ‍ॅल्युमिनियमचे बर्नर काळेकुट्ट झाले आणि काचेवर तारेच्या घासणीचे ओरखडे. कंपनीवाले म्हणून राहिले की अटींप्रमाणे फार तर बुकिंगचे पैसे परत देऊ.

ताई, आधी ज्योत बघा. भोकं बुजली असली की ती पिवळी होते. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा न १९०६ या गॅस गळतीच्या हेल्पलाइनला फोन लावा, केस नंतर.

आता कायद्याचं. डाग आणि नुकसान यांची तक्रारीत खिचडी करू नका. वर्षानुवर्षं जळून बसलेलं तेल पूर्ण निघेल असं कंपनीने कुठे लिहिलंच नसेल तर त्या डागावर केस कमजोर आहे, स्पष्टच सांगते. पण कॉस्टिक सोडावालं लिक्विड अ‍ॅल्युमिनियमला खातं, बर्नर पितळी आहे की अ‍ॅल्युमिनियमचा हे हात लावायच्या आधी बघायचं असतं, आणि सफाईचे पैसे घेणाऱ्याला एवढं माहीत असायलाच पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतली त्रुटी म्हटलीय, त्यात निष्काळजीपणाही येतो. अटींतली ती ओळ कंपनीने एकतर्फी लिहिलेली आहे, तिच्यावर ग्राहक आयोगासमोर हरकत घेता येते, म्हणून घाईघाईत रिफंड घेऊन 'तक्रार मिटली' असं काही मान्य करू नका.

अ‍ॅपवरचं सर्व्हिसचं वर्णन, बिल, चॅट, आधीचे-नंतरचे फोटो सगळं सेव्ह करा, शेगडीच्या सर्व्हिस सेंटरकडून खर्चाचं एस्टिमेट लेखी घ्या, मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल टाका आणि कोणतं लिक्विड वापरलं तेही त्यात विचारा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. नाही केलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, नाहीतर सरळ नागपूरचा जिल्हा ग्राहक आयोग, कंपनीचं ऑफिस बंगलोरला असो की कुठेही, तुम्ही इथे राहता म्हणून इथेच दाखल होते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असली की फी नाही, वकीलही लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

त्या पोरांना मात्र फोन करून झापू नका, बाटली त्यांच्या हातात कंपनीनेच दिली असणार, तक्रार कंपनीवरच करा. आणि काळे पडलेले बर्नर भंगारवाल्याला देऊ नका, तोच तुमचा पुरावा आहे.