पोर्चमध्ये बोट ठेवायची तर आधी दांडीचं बघा

भाऊ, तुमचं म्हणणं असं की भुसावळला घरापुढे १४ बाय ८ फुटाचा पोर्च आहे, १२ फुटी फायबरची बोट त्यात बसते पण ट्रेलरसकट लावली की गेट लागत नाही, आणि हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला अधूनमधून न्यायची म्हणून विकायची पण नाही. बरोबर ना? सगळे बोटीचं माप घेत बसतात, जागा खाते ती ट्रेलरची दांडी, म्हणजे गाडीला जोडायचा पुढचा लांब पाईप. गाडीला अडकवायच्या तोंडाच्या, म्हणजे कपलरच्या, टोकापासून मागच्या लाईटच्या पट्टीपर्यंत टेप लावून बघा, १६ फुटाच्या आसपास भरेल, आणि इंजिन मागे लटकतं असेल तर अजून दीडेक फूट.

तिरकी लावा असं कुणी ना कुणी सांगणारच. कोपरा ते कोपरा १६ फूट येतात खरे, पण ती नुसती रेघ झाली, ५ फूट रुंद बोट त्या रेघेवर कशी बसणार?

दांडी फोल्डिंग करून घ्या. बोटीचं नाक संपतं त्याच्या पुढे दांडी कापायची, दोन्ही बाजूंना जाड लोखंडी (एमएस) प्लेटा आणि दोन पिना, एक पिन काढली की दांडी दुसऱ्या पिनेवर बाजूला वळते. दोन-अडीच फूट सहज वाचतात. पण बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या चरखीचा, म्हणजे विंचचा, खांब आणि पुढचं जॅकवालं चाक दोन्ही त्या सांध्याच्या मागे पाहिजे, नाहीतर दांडी वळवली की ट्रेलर नाकावर पडेल. लाईटची वायर सांध्याजवळ ढिली सोडा. आणि हे काम ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरकडेच द्या, नुसत्या गेटच्या बिजागऱ्या लावून देणारे पण भेटतात, त्यांच्याकडे नको, हायवेवर असला सांधा सुटला तर मागच्या मोटरसायकलवाल्याचं काय होईल विचार करा.

आत घेताना मागून ढकलत नेऊन शेवटी भिंतीकडे सरकवायची असेल तर दोन्ही टायरखाली चार-चार छोट्या चाकांच्या पाट्या ठेवा. फरशीवर मस्त सरकते, पेव्हरब्लॉकवर अडकते. जागेवर गेली की पाट्या काढून पाचर मारायची.

वर टांगायचं मात्र डोक्यातून काढा. चेनपुली स्वस्त मिळते, पण पोर्चचा स्लॅब बरेचदा नुसता पुढे काढलेला असतो, खाली खांब नसतो, त्याला वजन लटकवायचं नाही. मनुष्यबळ असेल तर रिकामी बोट आडवी भिंतीला टेकवून रुंद पट्ट्याने बांधता येते, पण घरात लहान पोरं असतील तर मी नाही सांगणार.

आता आपल्याकडचं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात फायबरची चकाकी जाऊन हाताला पांढरी भुकटी लागते आणि टायर बाजूने तडकतात. एक्सलखाली लाकडी ठोकळे देऊन टायरवरचा भार काढा, टायर झाका. ताडपत्री बोटीवर घट्ट आवळू नका, पीव्हीसी पाईपच्या कमानी करून उंच ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे, वरून शेडनेट टाकलं तर ताडपत्रीचं पण आयुष्य वाढतं. पावसाळ्याआधी मागचं बूच काढून नाक थोडं वर उचलून ठेवा. तळात एक इंच पाणी साचलं तरी शंभरेक लिटर होतं, म्हणजे शंभर किलो, ते सगळं बोट टेकते त्या ट्रेलरच्या दोन फळ्यांवर येतं आणि फायबर तिथेच दबतं.

बेअरिंगचं लोक विसरतात. रस्त्यावरून आलेला हब, म्हणजे चाकाचा बेअरिंगवाला मधला भाग, गरम असतो, तसाच पाण्यात घातला की आतली हवा थंड होऊन आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. धरणावर पोचल्यावर आधी चहा घ्या, मग ट्रेलर उतरवा. महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर ग्रीस नवं भरूनच ठेवा.

इंजिन काढून स्टँडवर उभंच ठेवा, कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाका, आत्ताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला ओल धरते. घरात गॅसजवळ किंवा इन्व्हर्टरजवळ ठेवू नका. सीटखाली उंदीर येतात, तिथे गोणपाट, दोऱ्या काही सोडू नका.

विंचचा खांब कपलरपासून किती मागे आहे आणि दांडीचा चौकोनी पाईप किती इंची आहे तेवढं मोजून टाका, सांधा कुठे घ्यायचा ते सांगतो.