प्रभारी सरांचं स्वागत कसं करू?

प्रश्न: ताई, आमच्या कॉलेजच्या एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात, तोवर दुसरे सर प्रभारी कार्यक्रम अधिकारी आहेत, पोरं म्हणतात तात्पुरतेच आहेत ना, स्वागत कशाला?

उत्तर: अगं असं नको गं! तुमचे वर्षाचे सेवेचे 120 तास आणि 7 दिवसांचं कॅम्प आता त्यांनाच बघायचंय. हार-शाल राहू दे, त्यांना सरळ तुम्ही एनएसएसचं काम करता त्या दत्तक गावात घेऊन जा, सरपंच, अंगणवाडीच्या ताई यांची ओळख करून द्या, अर्धवट राहिलेला बंधारा दाखवा. हजेरीचं रजिस्टर आणि कॅम्पचा हिशोब नीट हातात द्या, नवीन माणूस तिथेच अडकतो. आणि "मॅडम असं करायच्या" हे दर वाक्याला नको, फार लागतं ते. मॅडमना फोटो पाठवा, पण कामाचे फोन नका करू, बाळ लहान आहे त्यांचं.