पामीरच्या वाटेवरचे मुक्काम

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा पामीरच्या प्रवासाचा तक्ता मिळाला. किर्गिझस्तानातल्या ओशहून निघायचे, पामीर महामार्गाने ताजिकिस्तानात उतरायचे आणि अकराव्या दिवशी दुशान्बे गाठायचे, असे तू ठरवले आहेस. रोजचे किलोमीटर आणि रोजची प्रेक्षणीय स्थळे तू नीट मांडली आहेस. त्यात एकच रकाना नाही, आणि तो नाही म्हणून हे पत्र लांबणार आहे : रात्री ज्या गावात झोपणार त्याची उंची. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. तुझा पहिलाच मुक्काम काराकुल सरोवराकाठी, म्हणजे सुमारे ३,९०० मीटरवर आहे, आणि ज्या ओशमधून तू सकाळी निघणार ते जेमतेम हजार मीटरवर आहे.

एकदम इतक्या उंचीवर झोपायला जाण्याची ही चूक मी स्वतः केली आहे. मीही ओशहून एका दिवसात काराकुलला पोहोचलो होतो. वाटेतल्या सारी-ताश गावी चहा घेतला, दोन देशांच्या सीमेवरच्या किझिल-आर्त खिंडीत छायाचित्रे काढली, आणि संध्याकाळी त्या निळ्याशार पाण्याकडे पाहत स्वतःवर फार खूश होतो. रात्री नऊच्या सुमारास डोके ठणकू लागले, अकराला जेवण उलटून पडले, आणि नंतर अंथरुणावर आडवे झाले की श्वास अपुरा पडे, म्हणून भिंतीला टेकून बसून राहिलो. घरच्या आजी मध्येच उठून चुलीत वाळलेल्या शेणाचे तुकडे सारून जात होत्या. तिथे त्याला तेझेक म्हणतात. त्या परक्या घरात गोवरीचा तो ओळखीचा वास आला आणि मला उगाचच धीर वाटला.

त्रास झाला तर खाली उतरावे, हा डोंगरातला पहिला नियम मला पाठ होता. काराकुलला मात्र तो सहज पाळता येत नाही. उत्तरेला परत फिरायचे तर ४,२८० मीटरची किझिल-आर्त पुन्हा चढावी लागते, आणि दक्षिणेला मुर्गाब हे गाव खाली असले तरी वाटेत अक-बैताल आहे, ४,६५५ मीटरची, म्हणजे या साऱ्या महामार्गावरची सर्वांत उंच खिंड. गाव वाटीच्या तळाशी आहे आणि वाटीचे काठ तळापेक्षा कितीतरी उंच आहेत. सकाळी मी कसाबसा मुर्गाबला पोहोचलो, ३,६५० मीटरवर दोन रात्री पडून राहिलो आणि सावरलो. माझे नशीब बरे होते. तुझ्या नियोजनात नशिबाचा रकाना मला नको आहे.

तेव्हा पहिला बदल असा कर : प्रवासाची दिशा उलट कर. दुशान्बेहून निघालीस तर उंची हळूहळू वाढते. पहिला मुक्काम प्यांज नदीकाठच्या कलाई-खुम्बला, साधारण १,२०० मीटरवर. तिथून खोरोगला दोन रात्री, सुमारे २,१०० मीटरवर. पुढे वाखान खोऱ्यात इश्काशिमला एक रात्र. मग यामचुनला एक, तिथला जुना किल्ला आणि त्याच्या वरच्या अंगाचे बीबी फातिमाचे गरम पाण्याचे झरे पाहण्यासाठी. नंतर लंगर या गावात दोन रात्री. वाखानमधून चालताना नदीपलीकडे हाकेच्या अंतरावर अफगाणिस्तान दिसत राहते, तिथली माणसे, गाढवे, शेते सगळे स्पष्ट दिसते. लष्करी ठाणी, पूल आणि सैनिक यांच्याकडे कॅमेरा वळवू नकोस, आणि ड्रोन घरीच ठेव.

लंगरला दोन रात्री कशासाठी, असे तू विचारशील, कारण गाव लहान आहे. लंगर सुमारे २,८५० मीटरवर आहे आणि त्यानंतर ४,३४४ मीटरची खारगुश खिंड ओलांडून थेट उंच पठारावर जावे लागते. मधे मुक्कामाजोगे गाव नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, हा सर्वमान्य संकेत इथे मोडावाच लागतो. मग तो कमीत कमी कसा मोडेल, एवढेच आपल्या हातात उरते. लंगरच्या वरच्या उतारावर हजारो प्राचीन शैलचित्रे आहेत. मधल्या दिवशी ती पाहायला वर चढ आणि झोपायला खाली ये, म्हणजे शरीराची तयारी होते. आणि खिंड ओलांडल्यावर त्याच दिवशी अलिचुरला थांबू नकोस. अलिचुरचे पठार मोहक आहे, पण ते ३,९०० मीटरच्या आसपास आहे. आणखी शंभरएक किलोमीटर पुढे गेलीस की मुर्गाब अडीचशे मीटर खाली आहे. मुर्गाब दिसायला रूक्ष आहे, त्याचा बाजार मालवाहू कंटेनरांमध्ये भरतो, आणि प्रवासी त्याला नावे ठेवतात. मी ठेवत नाही. तिथे दोन रात्री काढ. काराकुल त्यानंतरच, तेही एकच रात्र, आणि मग ओशकडे उतार.

आता कागदपत्रे. ताजिकिस्तानातला पामीर ज्यात येतो त्या गोर्नो-बदख्शान स्वायत्त प्रांताचा परवाना ई-व्हिसाच्या अर्जातच मागण्याची सोय असते. ती निवडायला विसरलीस तर प्रांताच्या सीमेवरच्या पहिल्या चौकीवरून परत फिरावे लागेल. सारेझ सरोवराकडे जायचे असेल तर त्याला आणखी वेगळी परवानगी लागते. १९११ च्या भूकंपात डोंगर कोसळून मुर्गाब नदी अडली आणि ते सरोवर झाले. तो नैसर्गिक बांध फुटण्याची भीती असल्यामुळे तिथे जाण्यावर निर्बंध आहेत. या खेपेस ते सोड. किर्गिझस्तानचा व्हिसा स्वतंत्र काढावा लागेल. छापील प्रती सहा-सात ठेव, कारण चौक्या पुष्कळ आहेत आणि प्रत्येक ठिकाणी मोबाइलचा पडदा दाखवणे सोयीचे नसते.

दिशा बदलल्यामुळे एक नवी जोखीम मात्र येते, ती तुझ्यापासून लपवत नाही. दोन देशांमधली सीमा आता प्रवासाच्या शेवटी येईल. २०२१ मधल्या चकमकींनंतर ती दीर्घकाळ बंद राहिली आणि मार्च २०२५ मध्ये दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी सीमाकरारावर सह्या केल्या. तरीही किझिल-आर्त ओलांडता येते का आणि त्यासाठी आधी परवानगी लागते का, हे निघण्यापूर्वी एकदा आणि खोरोगला पोहोचल्यावर पुन्हा एकदा विचार. ती बंद निघाली तर मुर्गाबहून खोरोगमार्गे दुशान्बेला परतायला तीन दिवस लागतील. म्हणून व्हिसा आणि परवाना यांच्या तारखांत निदान पाच दिवस शिल्लक ठेव, आणि ओशहून पुढचे विमान ज्याची तारीख बदलता येत नाही असे घेऊ नकोस.

हे शिलकीचे दिवस धरले तर अकरा दिवसांत हे बसणार नाही. सोळा दिवस हाताशी लागतील. रजा मिळत नसेल तर काराकुल आणि ओश वगळून खोरोगहून माघारी फिर. पण मुक्काम कापून सगळे बसवू नकोस.

मुक्कामाच्या जागा इंटरनेटवर आरक्षित करण्याचा तुझा आग्रह दुशान्बे आणि ओशपुरता ठीक आहे. खोरोगच्या पुढे लोकांच्या घरांतच राहायचे असते. गावात शिरून 'होमस्टे' एवढा शब्द उच्चारला तरी कोणीतरी मूल तुला योग्य दाराशी नेऊन सोडते. बहुतेक ठिकाणी दर माणशी एका रात्रीचा असतो आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळचा नाश्ता धरलेला असतो. तसा तो धरला आहे ना, हे सामान उतरवण्यापूर्वी स्पष्ट विचार. आंघोळीचे गरम पाणी बादलीने मिळेल, शौचालय अंगणाच्या टोकाला असेल, आणि पूर्वेकडच्या पठारावर वीज बेभरवशाची असेल. विजेरी उशाशी ठेव.

वाखानमधले पामिरी घर पाहण्यासारखे असते. तीन बाजूंना उंच ओटे, त्यांवर गाद्या, मधे खोलगट जमीन, आणि छपराला आधार देणारे पाच खांब. हे खांब महंमद पैगंबर, अली, फातिमा, हसन आणि हुसेन यांच्या नावाने ओळखले जातात. छतात एकात एक तिरके बसवलेले चार लाकडी चौकोन असतात आणि त्यांच्या मधल्या झरोक्यातून उजेड येतो. पृथ्वी, जल, वायू आणि अग्नी ही चार तत्त्वे त्यांत पाहिली जातात. भिंतीवर आगा खानांचे छायाचित्र असेल, कारण हे लोक इस्माइली, म्हणजे आगा खानांना आपले इमाम मानणारे मुस्लिम आहेत. तू पुण्याची आहेस, हे इथे अवश्य सांग. आपला आगा खान पॅलेस तिसऱ्या आगा खानांनी १८९२ मध्ये बांधला आणि चौथ्यांनी १९६९ मध्ये तो भारताला दिला. माझ्या यजमानांना हे सांगितले तेव्हा त्यांनी शेजारच्या घरातून दोन माणसे बोलावून आणली आणि मला तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. पॅलेसची दहा-बारा छायाचित्रे छापून ने. मिठाईच्या डब्यापेक्षा ती भेट जास्त दिवस टिकेल.

जेवणाचे जरा कठीण आहे. सकाळी शीरचाय मिळेल, म्हणजे मीठ आणि लोणी घातलेला दुधाचा चहा, त्यात पाव कुस्करून खातात. पहिल्या दिवशी तो घशाखाली उतरत नाही, चौथ्या दिवशी त्यावाचून चालत नाही. रात्री पुलाव किंवा शेवयांचे सूप, आणि बहुधा मांस. तू शाकाहारी आहेस, तर 'मन गूश्त नमेखूरम', मी मांस खात नाही, हे वाक्य पाठ कर. तरीही मांस बाजूला काढून तोच रस्सा वाढला जाईल, याची मनाची तयारी ठेव. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि डिंकाचे चार लाडू जवळ असू देत. भाषेची फार धास्ती घेऊ नकोस. बाजार, हवा, जमीन, दरवाजा हे आपले शब्द ताजिक माणसाला थोड्या वेगळ्या उच्चारात सहज कळतात.

गाडीसाठी दोन मार्ग आहेत. सामायिक जीपगाड्या आपल्याकडच्या वडापसारख्या, भरल्या की निघतात. त्या स्वस्त आहेत, पण तुला हव्या तिथे थांबत नाहीत आणि खारगुशच्या वाटेने सहसा जात नाहीत. म्हणून इश्काशिम ते मुर्गाब एवढ्या टप्प्यासाठी तरी खोरोगमध्ये दोघे-तिघे सहप्रवासी शोधून जीप ठरव. भाडे गाडीचे असते, माणशी नव्हे. इंधन, चालकाचे जेवण व राहणे आणि त्याचा परतीचा रिकामा प्रवास त्यात आला का, हे कागदावर लिहून घे. जादा चाके दोन आहेत का, हे स्वतः डोळ्यांनी पाहा. मुर्गाबमध्ये वेळ ठरवताना ती ओशची की दुशान्बेची, हेही विचार, कारण तिथले किर्गिझ लोक बऱ्याचदा ओशचे घड्याळ पाळतात आणि ते एक तास पुढे असते.

पैसे रोख ने. कोऱ्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा घे आणि खोरोगमध्येच पुढच्या सगळ्या दिवसांपुरते सोमोनी, म्हणजे ताजिकिस्तानचे चलन, करून घे. मुर्गाबच्या एटीएमवर विसंबू नकोस. प्रवास विम्यात किती मीटर उंचीपर्यंत संरक्षण आहे, ते बारीक अक्षरांत वाच, आणि उंचीच्या त्रासावरचे डायमॉक्स हे औषध घ्यायचे की नाही, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नकोस.

तू जुलै लिहिला आहेस. त्या महिन्यात बर्फ वितळून ओढे फुगतात. १६ जुलै २०१५ रोजी खोरोगजवळच्या बरसेम गावावर चिखलाचा लोंढा आला, गुंत नदी अडून तिथे तळे झाले आणि महामार्गच पाण्याखाली गेला. ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा मध्य हा काळ मला अधिक पसंत आहे. रात्री थंडी वाढते, पण वाटा कोरड्या असतात.

नवा तक्ता कर. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात झोपण्याचे गाव, तिसऱ्यात त्याची उंची, चौथ्यात त्या ठिकाणाहून खाली उतरायचे झाल्यास कोणत्या वाटेने आणि कोणती खिंड ओलांडून, हे लिही. प्रेक्षणीय स्थळे नंतर भरता येतील. काराकुलसमोरचा चौथा रकाना तू कसा भरतेस, ते मला आधी पाहायचे आहे.

तुझा,
भूगोलाचा जुना शिक्षक