ट्यूब बेस अँप्लिफायरची तुलना करताना

बेस गिटारचे, निर्वात नळ्यांवर (ट्यूब) चालणारे दोन अँप तुलनेला घेतले, तर दोन्ही एकाच कॅबिनेटवर, म्हणजे स्पीकरच्या पेटीवर, आवाजाची पातळी कानाला समान वाटेपर्यंत जुळवून ऐकावेत. कारण किंचित मोठ्याने वाजणारा अँप अधिक भरदार भासतो, आणि या फसगतीत मीही बरीच वर्षे होतो. बेस गिटारची सर्वांत खालच्या स्वराची ई तार, म्हणजे सुमारे ४१ हर्ट्झ, मोकळी छेडून स्वर विझेपर्यंत लक्ष द्यावे. अँपेग कंपनीचा १९६० च्या दशकातला छोटा बी-१५ जोरात छेडताच दबल्यासारखा होतो आणि स्वराला उबदार खरखर येते, तर त्याच कंपनीचा १९६९ चा ३०० वॅटचा एसव्हीटी त्याच पातळीवर स्वच्छ राहतो. मला घरी पहिलाच आवडतो. कॅबिनेट बदलताना मात्र अँप आधी बंद करावा. स्पीकर न जोडता वाजवल्यास अँपमधला, स्पीकरकडे संकेत पोचवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.