बायबल पाठ आहे, पण माझा विश्वास खरा आहे का, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की लहानपणापासून चर्चला जाता, वचनं तोंडपाठ आहेत, तरी हे सगळं नुसतं माहीत आहे की खरंच मानता, अशी शंका येते. मीही त्यातलीच. कितीतरी वर्षं संडे स्कूल घेतलं. प्रभूची प्रार्थना मुलांना ओळीओळीनं समजावून सांगायचे.

मग घराच्या वाटणीवरून भावाशी बोलणं तुटलं. त्या दिवसांत एकदा रात्री प्रार्थना करताना 'जसे आम्ही आमच्या ऋण्यांना सोडले' इथं आले आणि पुढचं तोंडातून निघेना. अर्थ ठाऊक होता: ज्यांनी आपला अपराध केला त्यांना क्षमा करणं. येशूनं त्या प्रार्थनेनंतर लगेच क्षमेचाच मुद्दा पुन्हा काढलाय, हेही मुलांना शिकवलं होतं. पण आपण म्हणतोय ते कुणीतरी ऐकतंय, असं त्या रात्री पहिल्यांदा वाटलं. ऐकणारा असेल, तर खोटं कसं बोलणार? इतकी वर्षं ती ओळ मी न अडखळता म्हणत आले होते, आणि त्यालाच विश्वास समजत होते.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातले शास्त्री, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, मला तेव्हापासून फार जवळचे वाटतात! ख्रिस्त कुठे जन्मायचा, असं हेरोद राजानं विचारलं. त्यांनी मीखा संदेष्ट्याचा आधार देऊन बेथलेहेम सांगितलं, उत्तर अगदी बरोबर. यरुशलेमपासून ते गाव जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. पण तिकडे गेले ते परदेशी मागी, तारा पाहून आलेले ज्ञानी. शास्त्री निघाल्याचा उल्लेखच नाही. याकोबाचं पत्र तर आणखी सडेतोड: देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे इंग्लंडचे जॉन वेस्ली 1728 साली धर्मगुरू झाले, पुढे मिशनरी म्हणून अमेरिकेतल्या जॉर्जियालाही जाऊन आले. तरी ख्रिस्तावर, तारणासाठी फक्त ख्रिस्तावर, आपण भरवसा ठेवलाय असं त्यांना जाणवलं ते 24 मे 1738 च्या संध्याकाळी, लंडनमधल्या एका छोट्या सभेत. आपलं हृदय ऊबदार झालं, असं त्यांनी लिहून ठेवलंय. तसं काही झालं नाही म्हणून तुम्ही घाबरू नका. मला ऊबबिब काही जाणवली नाही, उलट लाजच वाटली.

आणि शंका आहे म्हणजे विश्वास नाही, असं कुणी सांगितलं तर त्यांना मार्कच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय दाखवा. आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवा. एका दमात दोन्ही! येशू त्याला आधी शंका मिटवून ये म्हणत नाही, मुलाला बरं करतो.

भावाला फोन करायला मला त्या रात्रीनंतर तीन आठवडे लागले. त्यानं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी परत केला.