वेग नसला तरी चालेल

प्रिय मित्रा,

गिटारवर बोटं वेगानं पळत नाहीत म्हणून ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं ते संगीत, सोडू का, असं तू विचारलंयस. सोडू नकोस. आधी ब्लूजचे अमेरिकन गायक-गिटारवादक बी. बी. किंग नीट ऐक.

त्यांचा जन्म १९२५ चा, मिसिसिपीतला. दुसऱ्याच्या कापसात वाट्यानं राबणारं घर. तरुणपणी ते स्वतः ट्रॅक्टर चालवायचे. मेम्फिसमध्ये त्यांच्या नात्यातले बुका व्हाइट स्लाइड वाजवायचे. तारेवरून सरकणाऱ्या त्या नळीचा आवाज किंगना वेड लावायचा, पण स्लाइड त्यांच्या हाताला कधी बसलीच नाही. मग तोच थरथरता सूर ते नुसत्या बोटानं शोधू लागले. तार दाबून धरायची आणि हात झुलवायचा. आज पहिल्या सुराला ओळखू येतो तो त्यांचा व्हायब्रेटो असा घडला. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरत गाणंही जमत नाही, हे ते मोकळेपणानं सांगत. गळा थांबला की गिटार बोलायची, गिटार थांबली की गळा. 'लाइव्ह ॲट द रीगल' ही १९६४ ची शिकागोतली मैफल ऐक. एकेका सुराला लोक कसे ओरडून दाद देतात बघ!

तू मींड ऐकत वाढलायस. बेंड करताना, म्हणजे तार ओढून सूर चढवताना, स्वर लागला की नाही, हे तुला कुणी सांगावं लागत नाही. ही तुझी मोठी जमेची बाजू आहे, आणि तुझं तिच्याकडे लक्षच नाही.

ऑर्केस्ट्रात वाजवायची लाज वाटते, हे मात्र मला पटलं नाही. किंग मेम्फिसच्या रेडिओवर टॉनिकच्या जाहिराती गायचे. १९५२ मध्ये त्यांचं 'थ्री ओ'क्लॉक ब्लूज' आर अँड बी, म्हणजे कृष्णवर्णीय संगीताच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं, तरी त्यांनी उसंत घेतली नाही. १९५६ या एका वर्षात ३४२ कार्यक्रम केले, तेही दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे असताना. त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं 'द थ्रिल इज गॉन' आलं १९६९ च्या अखेरीस, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. मिळेल तिथे वाजव. पैसेही घे.

आता रियाज. ठोके देणारं मेट्रोनोम मिनिटाला ६० वर ठेव, पेंटाटॉनिक या पाच स्वरांच्या मालिकेतले तीनच स्वर घे. दोन बार (चार-चार ठोक्यांचे) गा, पुढचे दोन बार गिटारनं उत्तर दे. उत्तर सुचलं नाही तर ती जागा रिकामी सोड, भरायची घाई करू नकोस.

पुढच्या रविवारी येताना ब्लूजचं बारा बारांचं एकच आवर्तन रेकॉर्ड करून आण. गाऊन वाजवलेलं हवं, नुसत्या गिटारचा सोलो नको.

तुझा,
सर